गॅसची भट्टी आणि थांबायचा ठोका

माझ्या घरात दोन सिलिंडर असतात. लाल असतो तो भाताचा, निळा असतो तो लोखंडाचा. निळा संपत आला की मला जास्त काळजी लागते, हे सुनेला अजून पटलेलं नाही. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हणून मागे लागलेल्या बाईंना मी सांगितलं होतं, की अहो, मी गावच्या शाळेत जेमतेम गेलेली, मला बोलता येतं, लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, मग बोलल्यासारखं लिहा. तर तसंच लिहिते आहे. मधेच भरकटले तर सांभाळून घ्या, दमलेली बाई आहे.

भिवंडीजवळ राहनाळच्या अंगाला आमचं घर आणि घराला चिकटून पत्र्याची शेड. शेडीत ऐरण. मी लग्न होऊन आले तेव्हा चहूकडे भातशेती होती आणि आमची गिऱ्हाइकं म्हणजे विळे-कोयते घेऊन येणारे शेतकरी. आता चहूकडे गोदामं आहेत. शेडीच्या दारात उभं राहिलं की समोर कंटेनरची मागची बाजू दिसते, बाकी काही दिसत नाही. ऐरण मात्र तिथेच आहे, सासऱ्यांनी रोवली होती त्या लाकडाच्या ओंडक्यावर.

लोहारकाम एकट्याचं नसतं, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. त्याला दोघं लागतात. एक जण सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, दुसरा घण मारतो. आमच्या घरात धरणारा नवरा आणि मारणारी बायको. लोकांना वाटतं बाई नुसती भाता हलवत असेल. अहो, घण मी मारला! पोटात विलास होता तेव्हासुद्धा पार शेवटापर्यंत मारला. सासूबाई म्हणायच्या, पोरगा कानात बोळे घालूनच जन्माला येणार.

आणि या कामात बोलत नाहीत. बोललेलं ऐकूच येत नाही. धरणाऱ्याच्या उजव्या हातात लहान हातोडी असते. तो लोखंडावर जिथे टिचकी मारेल तिथे दुसऱ्याने घण घालायचा. टिचकी जोरात, तर घण जोरात. टिचकी हळू, तर हळू. आणि थांबायचं असेल तेव्हा तो लोखंड सोडून ऐरणीच्या उघड्या अंगावर एक ठोका मारतो आणि हातोडी आडवी ठेवतो. टण्ण, आणि मग हातोडी आडवी पडल्याचा खरर्र असा आवाज. तो ऐकला की हवेत गेलेला घणसुद्धा परत आणायचा. थांबायचा ठोका घणवाल्याने कधी मारायचा नसतो, तो धरणाऱ्याचा मान. आमचं दोघांचं भांडण असलं, दिवसभर अबोला असला, तरी ऐरणीवर आमचं बोलणं चालू असायचं.

पण यात एक गोम होती, ती मला फार उशिरा कळली. सगळी उमर भट्टीपाशी काढूनही मला लोहारकाम येत नव्हतं. लोखंड आगीतून कधी काढायचं, कुठे वळवायचं, पाणी केव्हा द्यायचं, हे सगळं मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोळ्यात होतं. मला फक्त त्यांचा ठोका येत होता.

एका सकाळी दात घासताना मालकांच्या हातातला तांब्या पडला. मी म्हटलं, काय ओ, झोप गेली न्हाय का अजून? त्यांनी वर बघितलं तर अर्धा चेहरा उतरलेला. दवाखाना, सुया, मालीश, सगळं झालं. जीव राहिला, उजवी बाजू गेली. बोलणं गेलं, ‘हां’, ‘न्हाय’ आणि ‘चा’ एवढे तीन शब्द उरले. शेडीला लागूनच्या खोलीत खिडकीपाशी लोखंडी खाट टाकली. त्यांनी खुणा करून करून हातोडी मागितली, ती उशीशी ठेवली. पाणी हवं असलं की डाव्या हाताने खाटेच्या पाइपावर ठोकायचे. घरात टाकणटुकण चालूच.

मग मी सांडशी धरली. दुसरं कोण धरणार? डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात मधली हातोडी, कोळशाची भट्टी पेटवून बसले. लोखंड जाळलं, हात जाळले. एक कोयता असा झाला की तो कोयता आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं लागलं. तरी हळूहळू जमत होतं, आणि तेवढ्यात बाळारामशेठ आले.

बाळारामशेठ आमच्या मागच्या गोदामाचे मालक. तिथे त्यांच्या आजोबांचं शेत होतं, त्यांच्या घरचे विळे सासरे करायचे. भला माणूस आहे, त्यांना मी नावं ठेवणार नाही. दारात चपला काढून उभे राहिले.

“काकी, मी भांडाला आलेलो नाय. पन आत थर्माकोल हाय, कापडाचे तागे हायेत. तुमच्या कोळशाची एक ठिणगी पत्र्याखालून गेली, त माझा गोदाम तर जाईलच, तुमचा घर पन र्‍हाणार नाय. काका खाटेवर हायेत. त्यांना उचलून कोन पळल?”

गोदामाची आग भिवंडीत राहणाऱ्याला सांगावी लागत नाही. धूर दिसला की आम्ही आधी वारा कुठला आहे ते बघतो.

विलासने तोच धागा धरला. विलास म्हणजे माझा मुलगा, गोदामात सुपरवायझर. त्याला लोखंडाचं वेड नाही आणि ते असावं असं मीही कधी म्हटलं नाही. तो म्हणाला, “आई, शेड टेम्पो लावायला देऊन टाकू. तू किती करशील? बाबांचं करायचं, घरचं करायचं, वर हे.”

“आणि ऐरण?”

“ऐरणीचं काय, भंगारवाला नेईल.”

खोलीतून खाटेवर धाडधाड ठोके पडले. कान शाबूत होते ना त्यांचे. विलासचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाला, “ठीक आहे. खंडेनवमीपर्यंत बघ. कोळशाशिवाय भट्टी पेटली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही पेटली, तर तूही काढायचा नाहीस.”

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. त्या दिवशी ऐरण पुजायची की उचलून द्यायची, एवढाच प्रश्न होता.

गॅसची गोष्ट सलीमभाईने काढली. सलीमभाई कापडाच्या लूमवर फिटर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतो. लूमच्या बारीकसारीक पट्ट्या मालकांकडून वाकवून न्यायचा. त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुठलासा गोरा माणूस, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, स्वच्छ गॅरेजमध्ये उभा, आणि त्याच्या पुढ्यात एक आडवा डबा, आतून पिवळाधमक. धूर नाही, ठिणगी नाही.

“चाची, ये अपन घर पे बना सकते हैं. कोयला छोडो.”

मी म्हटलं, “अरे, गॅसवर चहा होतो. लोखंड कसं तापेल?”

“चाची, चाय भी तो पहले कोयले पे बनती थी.”

तर कशी बनवली ते सांगते. भंगारातून जाड पाइपाचा तुकडा आणला, दोन्ही बाजूंनी उघडा, आडवा ठेवलेल्या ढोलकीएवढा. त्याला खाली पाय जोडले. पाठीवर भोक पाडून तिथे नळाचे जोड जोडून बर्नर बसवला. त्याला एका बाजूने निळ्या सिलिंडरचा गॅस, दुसऱ्या बाजूने वारा. वाऱ्याला माझा कोळशाच्या भट्टीचाच विजेचा पंखा, त्याच्या तोंडावर उघडझाप करायची पत्र्याची झडप. सलीमभाईने मला क्रम पाठ करायला लावला. आधी पेटता कागद आत, मग गॅस, मग वारा. बंद करताना आधी सिलिंडर. उलटं केलं तर भट्टी भुवया मागते. आणि जळलेला गॅस आत कोंडू नये म्हणून शेडीची दोन्ही दारं उघडी पाहिजेत. “ये हवा दिखती नहीं, चाची, सुला देती है.”

आता पाइप तसाच तापवला तर पाइपच वितळायचा. म्हणून आतून कापसासारखा जाड पांढरा थर लावतात, तो उष्णता धरून ठेवतो. तो थर मीच शोधला. बंद पडलेल्या एका डाइंगचं, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचं, भंगार निघालं होतं, वाफेच्या पाइपांना गुंडाळलेल्या पांढऱ्या गाद्याच्या गाद्या पडल्या होत्या. भिवंडीत काय मिळत नाही! मी दोन गोण्या भरून आणल्या, मोठ्या तोऱ्यात. सलीमभाई ड्युटीवर होता. मी स्वतःच आत थर बसवला आणि भट्टी पेटवली.

थोडा वेळ छान चाललं. मग आतला पांढरा कापूस पिवळा पडला, मग ओला दिसायला लागला, आणि मग वरून तार सुटली. चिक्कीच्या पाकाची सुटते ना, तशी. बघता बघता सगळं छत लोंबलं आणि खाली चिकट गोळा होऊन बसलं. संध्याकाळी सलीमभाईने तो गोळा पकडीने उचलून उजेडात धरला. हिरवट, चकचकीत.

“चाची, ये तो काच की ऊन है. वाफ के लिए ठीक, भट्टी में पानी हो जाती है. आपने तो चूडियां बना दीं!”

हसले मी, पण आत बसून रडलेसुद्धा. काचेचं पाणी करण्याइतकी आग माझ्याकडे होती आणि लोखंड मात्र गार.

खरा थर चिनी मातीच्या तंतूंचा असतो. दिसायला हुबेहूब तसाच, पण आगीला भीक न घालणारा. सुताला खळ लावतात त्या सायझिंगचे बॉयलर दुरुस्त करणारा एक जण सलीमभाईच्या ओळखीचा, त्याच्याकडून आणला. त्याचे तंतू छातीत जातात म्हणून तोंडाला पदर बांधून तो बसवला आणि वरून भट्टीची माती लावली. ते काम मला कोणी शिकवायला लागलं नाही, चूल सारवायची तशी सारवली. मला लगेच पेटवायची घाई. सलीमभाई म्हणाला, गीली मिट्टी फटती है, आधी सुकवा. मग कोंबडीच्या पिल्लांना ठेवतात तसा आत बल्ब लावून ठेवला. जाता-येता आत डोकावायची. सून म्हणाली, “आई, अंडी कधी फुटणार?”

नवरात्र बसलं, माती सुकली, भट्टी पेटली. वितळली नाही, फुटली नाही. पण लोखंडही तापेना. तापेना म्हणजे लाल व्हायचं, कुंकवासारखं, आणि तिथेच अडायचं. कुंकवाच्या लालीवर ट्रकचा पाटा वळत नाही. आमचे विळे-कोयते ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून होतात, ते पोलाद हट्टी. त्याला आंब्याच्या रसासारखं पिवळं करावं लागतं. लाल असताना घण मारलात तर हाताला झिणझिण्या येतात आणि लोखंड तुमच्याकडे बघून हसतं.

मी वारा वाढवला. आयुष्यभर तेच केलं होतं ना! आग मंदावली की भाता जोरात, कोळसा वाऱ्यावर पेटतो. झडप सताड उघडली. भट्टी अशी घोंघावायला लागली की समोरच्या कंटेनरचा ड्रायव्हर खाली उतरून बघून गेला. लोखंड लालच. सलीमभाई तेव्हा लग्नाला गावी गेला होता. फोनवर तो “गैस देखो” म्हणायचा आणि मला भट्टीच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. एका बाजूला घाम, दुसऱ्या बाजूला सिलिंडरवर पांढरं दव धरलेलं. फार गॅस ओढला की सिलिंडर गोठतो. मला वाटायचं, मीही कुठेतरी अशीच गोठत चालले आहे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी विलासने शेडीची लांबीरुंदी टेपने मोजली. मोजून टेप गुंडाळली आणि कामाला गेला. टेप गुंडाळल्याचा तो सर्रकन आवाज मला थपडेसारखा लागला.

त्याच दुपारी हिराबाय आली. हिराबाय कशेळीची, मासे विकून परत जाताना टेम्पोतून उतरली. तिच्या विळीचं पातं झिजून काडीएवढं झालेलं. पाटी खाली ठेवून आत डोकावली. भट्टीचा आवाज विमानासारखा येत होता.

“काय गो लोहारनी, ह्यो काय इमान उरवतंस?”

“भट्टी हाय, गॅसची.”

“गॅसवर चा होतं गो. इली कदी होतं काय?”

“बस तू. बघ होतं का ते.”

बसली. मी पाटा आत घातला, वारा सताड. घोंघों. लाल झाला. काढला, मारला, वळेना. परत आत. परत काढला. हात भरून आले, खांद्यात कळ उठली. हिराबाय पदराने वारा घेत बघत होती. थट्टासुद्धा थांबवली तिने, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि खोलीतून ठोका आला. एकच. टण्ण. आणि मग खाटेच्या पाइपावर हातोडी आडवी पडल्याचा खरर्र.

पाण्याचा तो ठोका नव्हता. माझ्या अंगाला तो ओळखीचा होता, हातातली हातोडी हवेतच थांबली. थांब. बास कर.

माझं डोकंच फिरलं. विलासने मोजमाप घ्यावं, ठीक आहे, तो लहान आहे. पण यांनीही? मी खिडकीकडे तोंड करून ओरडले, “थांबू? तुमीच थांब म्हनताय? ऐरन देऊ भंगारात?”

आतून काहीतरी पुटपुटले. त्या घोंघाटात ऐकू कसं येणार? ऐकू यावं म्हणून मी रागाने झडपेला हात मारला, तशी ती बरीचशी मिटली. आवाज एकदम बसला. नुसती फुरफुर राहिली, झोपलेल्या बैलासारखी. मी खिडकीपाशी गेले. “काय म्हनता?”

“चा,” मालक म्हणाले.

मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात मागून हिराबाय किंचाळली, “गो बाय! बग, बग!”

भट्टीच्या तोंडातून बोटभर ज्वाळ बाहेर आली होती, आणि आतली माती, जी इतके दिवस तांबडीच राहिली होती, ती केशरी होत होती. केशरीची पिवळी. आतला पाटा कुठे संपतो आणि भट्टी कुठे सुरू होते ते कळेना.

कोळशाला वारा हवा असतो. गॅसला वारा मोजकाच लागतो; जास्त झाला की तोच त्याला गार करतो. एवढंच होतं ते. माझी सगळी उमर कोळशापाशी गेली म्हणून मला ते सुचलं नाही, आणि ज्याने ‘थांब’ म्हटलं त्याने तर खाटेवरून नुसता आवाज ऐकला होता, गॅसची भट्टी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

पाटा काढला. हातोडी घातली तर लोण्यात घातल्यासारखी. मी मारत गेले. विळीचं पातं वळलं, लाकडात ठोकायचा मागचा खुंट ओढला. मग धारेला पाणी दिलं. म्हणजे तापवून धार तेलात बुडवायची, आणि मग हलक्या आचेवर परत शेकायची, गव्हाळ रंग चढेपर्यंत. पाण्याशिवाय धार मऊ आणि नुसत्या पाण्याने काचेसारखी ठिसूळ, दोन्हीच्या मधे कुठेतरी विळी असते. साणेवर घासून हिराबायच्या हातात दिली. तिने पाटीतला उरलेला बोंबील सोडून मुद्दाम कडक डोक्याचा मासा काढला आणि पायाखाली पात्याचा खुंट दाबून एका झटक्यात डोकं उडवलं. मग पात्याचा वास घेतला.

“चालंल,” म्हणाली. “कोल्शाचा वास नाय येत पन.”

त्यानंतर मी चहा ठेवला. लाल सिलिंडरवर. मालकांना पाजताना विचारलं, “तुमाला कळलं होतं का ओ, वारा जास्त होतोय म्हनून? का मला बास कर म्हनत होता? का चाच पायजे होता?” ते अर्ध्या तोंडाने हसले. चहा हनुवटीवर सांडला, तो मी पुसला. पुढे कितीदा विचारलं, दर वेळी तेवढंच हसायचे.

खंडेनवमीला विलासने बापाला खुर्चीसकट उचलून शेडीत आणून बसवलं. ऐरणीला झेंडूची माळ त्यानेच घातली. बाळारामशेठनी नारळ पाठवला. विलासने शब्द पाळला, शेडीबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

मग बरीच वर्षं आमची जोडी परत जमली, पण वेगळी. मी धरायची आणि मीच मारायची, मालक खुर्चीत बसून डाव्या हाताने खुणा करायचे. बिर्याणीवाले यायचे, खाटीक यायचे, बकरी ईदच्या आधी तर सुऱ्यांची रांग लागायची. एकदा कॉलेजातला एक मुलगा गाडी घेऊन आला, म्हणाला, मावशी, मला तलवार करून द्या, फोटोसाठी. मी म्हटलं, आईला विचारून ये. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावरून येणारी एक म्हातारी दर वर्षी तोच कोयता घेऊन यायची आणि दर वर्षी म्हणायची, गेल्या वेळी नीट केला नव्हता. समोरच्या गोदामात पॅकिंग करणाऱ्या बायका अजूनही येतात. आत सुऱ्यांची खोकीच्या खोकी भरलेली, देशभर जातात म्हणे, आणि यांच्या हातात बोथट कटर. लावून देते धार. उभ्या उभ्या दोन घोट पाणी पितात, बसायला वेळ नसतो.

संध्याकाळी मालक ऐरणीपाशी वाकून एक ठोका मारायचे आणि हातोडी आडवी ठेवायचे. मग मी सिलिंडर बंद करायची. हातात काम अर्धं असलं तरी. कधी चिडायची, म्हणायची, अहो, एवढं पातं होऊ द्या. न्हाय, म्हणायचे. ‘न्हाय’ त्यांना स्वच्छ यायचं.

मालकांना जाऊन दोन उन्हाळे झाले. शेवटपर्यंत हातोडी उशीशी होती.

आता माझं कोपर धरतं. निळा सिलिंडर घरंगळवत आणायला जमत नाही, विलास आणून देतो आणि माझ्याकडे बघत उभा राहतो. विळ्या कोणी घेत नाही फारशा, ओट्यावरच्या सुरीने काम भागतं. विळी नसेल तर खाली बसावं लागत नाही, हे खरंच आहे, माझ्याही गुडघ्यांना कळतं ते. सून म्हणते, आई, आता पुरे. बाळारामशेठही परवा म्हणाले, “काकी, आता आराम करा ना.” सगळ्यांचं बरोबर आहे. मी दमले आहे, आणि हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की शेवटी काहीतरी ठरवूनच उठेन.

पण भट्टी बंद करायला आता ठोका लागतच नाही. सलीमभाईने शिकवलं तसं आधी सिलिंडर बंद करायचा, नळीतला उरलेला गॅस जळून जातो आणि आतला पिवळा आपोआप केशरी होतो, मग लाल, मग नुसती माती. रोज संध्याकाळी मी लहान हातोडी उचलते. ऐरणीच्या उघड्या अंगावर धरते. मग तशीच, आवाज न करता, उभीच टेकवून ठेवते आणि आत जाऊन चहा टाकते.